चार आवाज, गळा एकच: घरच्या घरी स्वतःसोबत हार्मनी गाताना

शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात अडवून विचारलं, "काऊन रे बाबू, चाल भुलला का? कालपासून तेच ते चार सूर गाऊन राहिला." काकूंची काही चूक नव्हती. भिंतीपलीकडून त्यांना जे ऐकू येत होतं ते फक्त 'सा सा नी प', आणि तेही अडीच तास. बाकीचे तीन आवाज माझ्या हेडफोनमध्ये होते. एकट्याने हार्मनी रेकॉर्ड करणाऱ्याच्या घराबाहेर नेहमी अर्धवट, विचित्र गाणंच ऐकू जातं, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ही पहिली पायरी समजा.

क्लोज हार्मनी म्हणजे तीन-चार आवाज एकमेकांना चिकटून, शक्यतो एका सप्तकाच्या आत, एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात. त्यात एक आवाज चाल सांभाळतो आणि बाकीचे तिच्या वर-खाली दाटीवाटीने उभे राहतात. आपल्याकडे हे फारसं रुजलेलं नाही. आरती असो, खंजिरीवरचं भजन असो की शाळेतली प्रार्थना, शंभर जण जमले तरी सगळ्यांचा सूर एकच. माझ्या कानावर चार पदरी गाणं पहिल्यांदा पडलं ते नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये, नाताळच्या वेळी. तेव्हापासून डोक्यात किडा होता, पण सोबत गायला चार माणसं काही जमेनात. एकाची ड्युटी बुटीबोरीला, दुसरा पुण्याला गेला, तिसऱ्याला सूर होता पण वेळ नव्हता. शेवटी चौघांचं काम एकट्याने करायचं ठरवलं.

ही युक्ती जुनी आहे. सिडनी बेशे या अमेरिकन वादकाने १९४१ मध्ये एकाच ध्वनिमुद्रणात सहा वाद्यं एकट्याने, एकावर एक वाजवली होती. पुढे अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने पत्नी मेरी फोर्डचा आवाज तिच्याच आवाजावर चढवला आणि १९५१ मध्ये त्या पद्धतीने केलेलं त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांच्या काळी प्रत्येक नव्या थराबरोबर आधीचे थर पुन्हा कॉपी व्हायचे आणि थोडे मळायचे. शेवटच्या थरात शिंक आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे 'अनडू' आहे. त्यामुळे आपण आळशी होतो, हा भाग वेगळा.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. स्वतःसोबत गाणं सोपं वाटतं, कारण चारही आवाजांचा पोत आपोआप जुळतो. पण चार वेगवेगळी माणसं गातात तेव्हा त्यांच्या चुकाही वेगवेगळ्या असतात आणि बऱ्याचशा एकमेकींत विरून जातात. तुमचे चारही आवाज मात्र एकाच जागी बेसूर होतील, एकाच अक्षरावर घाई करतील आणि एकाच 'स'ला फुसकारतील. खोलीचा घुमाही चारही ट्रॅकवर (म्हणजे प्रत्येक आवाजाच्या वेगळ्या रेकॉर्डिंगवर) तोच असतो. तुमच्या एकेका सवयीला चौपट मोठा आरसा लागतो. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका दुखण्यावरचे उपाय आहेत.

कूलर, कोकीळ आणि फ्रिज

नागपुरात रेकॉर्डिंगचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवतप्यात, म्हणजे मेच्या अखेरीस, पारा ४५ च्या पुढे असतो. कूलर चालू असेल तर माइकला कूलरच ऐकू येतो आणि बंद केला तर दहा मिनिटांत गायक वितळतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर आधी खोली गार करून घ्या, मग कूलर, पंखा सगळं बंद करा आणि फक्त चार मिनिटं गा. पुन्हा कूलर. एका टेकमध्ये, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगमध्ये, गाण्याचं एकच कडवं घ्या. पहाटे चारची वेळ शांत म्हणून मी एकदा एप्रिलमध्ये मुद्दाम उठलो, तर समोरच्या आंब्यावर कोकीळ माझ्याआधी हजर. तिचा सूर दर वेळी आणखी वर चढत जातो आणि तो माझ्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या, तीन टेकमध्ये कायमचा बसला आहे. कोकीळ नसेल तिथे कुत्री असतात आणि अजनीकडे राहत असाल तर रात्रभर मालगाड्या. मला रात्री साडेअकरा ते एक ही वेळ सगळ्यात बरी सापडली.

आवाज थोडासाच आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. एका ट्रॅकमधली बारीक सूं चार ट्रॅक मिळून सुमारे ६ डेसिबलने वाढते, आठ ट्रॅक झाले की ९ ने आणि सोळा झाले की १२ ने. एकट्या आवाजात लपून गेलेला पंखा सोळा थरांत वादळासारखा ऐकू येतो.

विजेची घरघर त्याहून लबाड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिज आणि ट्रान्सफॉर्मर बहुधा १०० हर्ट्झवर गुणगुणतात. मी सा घेतो पेटीवरच्या पांढरी पाचचा, १९६ हर्ट्झ. म्हणजे माझा मंद्र, खालच्या सप्तकातला सा ९८ हर्ट्झ. फ्रिज त्याच्यापेक्षा जेमतेम ३५ सेंट वर गातो! (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट.) माझा खर्ज दर वेळी किंचित चढा का लागतो हे मला महिनाभर कळत नव्हतं. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद केला आणि आजार गेला. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. त्यानेही घरघर गेली नाही तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आता घुमा. आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅब, टाइल्स आणि कोऱ्या भिंती, त्यामुळे टाळी वाजवली की झणझणते. फोमच्या पट्ट्या ऑनलाइन मागवायच्या आधी घरातली दिवाणखाली पडलेली हिवाळ्याची बिछायत बाहेर काढा. दोन जाड रजया किंवा गोधड्या दोरीवर टांगून गायकाच्या मागे आणि बाजूला असा इंग्रजी 'एल' करा. माइकची पाठ उघड्या कपाटाकडे, कपाटात कपडे ठासून भरलेले. रजई भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा, त्याने फरक पडतो. पातळ फोम फक्त वरचे, चरचरीत आवाज शोषतो, खालचा घुमा तसाच राहतो आणि मग आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

सामान

यात फार वेळ घालवायचा नाही. एक माइक, तो लॅपटॉपला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, एक बंद कपांचा तारेचा हेडफोन आणि लॅपटॉप, एवढं पुरे. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो कोकिळेसकट सगळं टिपतो. घर गजबजलेलं असेल तर स्टेजवर वापरतात तसला डायनॅमिक माइक जास्त शहाणा. केबल, स्टँड बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळून जातात. पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा फटका अडवणारी जाळी) नसेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवा, काम भागतं. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, फक्त फोनच असेल तर बँडलॅब. ब्लूटूथ हेडफोन मात्र अजिबात चालणार नाही, त्यातून आवाज इतका उशिरा पोचतो की तुम्ही स्वतःच्याच मागे धावत राहाल.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी अशी ठेवा की तुमचा सगळ्यात मोठा सूर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. लाल दिवा लागेपर्यंत ढकलण्यात काही शौर्य नाही.

उशीर मोजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग स्वतःच्या तालाला दोष देतात. संगणक आवाज आत घेऊन साठवेपर्यंत थोडा वेळ जातो. सॉफ्टवेअरने तो बरोबर वजा केला नाही तर प्रत्येक नवा ट्रॅक आधीच्यापेक्षा जरा मागे बसतो. दुसरा पहिल्याला ऐकून गायला, तिसरा दुसऱ्याला ऐकून, अशी साखळी झाली की चौथा आवाज वरातीमागून घोडं.

तपासणी अशी: एका ट्रॅकवर क्लिक, म्हणजे ताल देणारी टिकटिक, तयार करा. हेडफोनचा एक कप माइकवर दाबून धरा आणि तोच क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता दोन्ही ट्रॅक झूम करून बघा. दुसरा क्लिक पहिल्याच्या बरोबर खाली असायला हवा. मागे असेल तर तो फरक मिलिसेकंदांत मोजा आणि सॉफ्टवेअरच्या लॅटन्सी (उशीर) सेटिंगमध्ये भरा. पुन्हा तपासा. इंटरफेस बदलला किंवा बफर (संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेतो ते माप) बदलला की हे पुन्हा करायचं. गाताना स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' बटण वापरा, म्हणजे आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो.

चाल कोणती घ्यावी आणि आवाज कसे बांधावे

पहिल्या प्रयत्नाला मारवा किंवा तोडी घेऊ नका. तिथे सुरांचं एकमेकांशी असलेलं नातं इतकं नाजूक आहे की खाली कॉर्ड (एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार सुरांचा जुडगा) ठेवला की राग मरतो आणि हार्मनीही जन्मत नाही. बिलावल, खमाज, काफी या अंगाच्या सरळ चाली घ्या. माझ्या मते सगळ्यात चांगला कच्चा माल म्हणजे जात्यावरच्या ओवीची चाल. चार-पाच सुरांतच फिरते, प्रत्येक ओळीला हक्काचा ठेहराव असतो आणि खाली-वर बाकीच्या आवाजांना ऐसपैस जागा मिळते.

सरावासाठी चार सुरांचा एक तुकडा देतो. प्रत्येक सूर चार मात्रा, बिलावलचे शुद्ध सूर. फायलींना मी याच नावांनी ओळखतो: वरचा, मूळ, भरणी आणि खर्ज.

वरचा: प, ध, म, ग
मूळ: ग, म, रे, सा
भरणी: सा, सा, मंद्र नी, मंद्र प
खर्ज: मंद्र सा, मंद्र म, मंद्र प, मंद्र सा

आता हे आडवं न वाचता उभं वाचा. पहिल्या जागी सा-ग-प, दुसऱ्या जागी म-ध-सा, तिसऱ्या जागी प-नी-रे-म, शेवटी पुन्हा सा-ग-प. तिसरी जागा ओढ लावते, चौथी घरी आणते. वरचा आवाज मूळ चालीच्या दोन पायऱ्या वर चालतो, म्हणजे मूळ सूर धरून मोजला तर तिसरा. पण पायऱ्या सारख्या नाहीत: ग ते प तीन अर्धे सूर, म ते ध चार, रे ते म तीन, सा ते ग पुन्हा चार. वरचा आवाज म्हणजे सरसकट मूळ चाल उचलून वर ठेवणं असं समजून, सॉफ्टवेअरने तीच फाइल तीन अर्धे सूर वर सरकवणारे भेटतात. दुसऱ्याच सुराला ते बेसूर ऐकू येतं.

भरणीचा आवाज बघा: 'सा सा नी प'. एकट्याने गायला की त्याला ना चेहरा ना चाल. काकूंना वाटलं ते बरोबरच होतं. पण तो काढून घेतला की बाकीचे तिघे पोकळ वाटतात. या आवाजाचा नियम एकच, शक्य तितकं कमी हलायचं. आधीच्या कॉर्डमधला सूर पुढच्या कॉर्डमध्येही असेल तर तिथेच थांबा, नसेल तर बाकीच्यांनी न घेतलेल्या सगळ्यात जवळच्या सुरावर जा.

पुरुषांनी सा पांढरी पाचच्या आसपास घेतला तर मंद्र सा ते मध्य ध एवढं अंतर साधारण गळ्यात बसतं. बायकांच्या गळ्याला हा खर्ज पोचणार नाही. त्यांनी सा २६२ हर्ट्झची पांढरी एक घ्यावी आणि खर्जातला मंद्र सा मध्य सप्तकात उचलावा. सुरुवातीला खर्ज सोडून तीनच आवाज केले तरी झकास लागतात.

गंधाराची गोष्ट

इथे आपल्या कानाचा फायदा घ्यायचा. हार्मोनियम, कीबोर्ड आणि ट्यूनर ॲप सगळे शुद्ध ग साच्या ४०० सेंट वर ठेवतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो सप्तकं वजा करून पाहिला तर सुमारे ३८६ सेंटवर असतो. फरक १४ सेंटचा. एकट्या गाण्यात तो कोणी पकडणार नाही, हार्मनीत मात्र तो ठणकतो. १९६ हर्ट्झच्या सा वर कीबोर्डचा ग धरून ठेवलात तर दोघांच्या वरच्या उपस्वरांत (मूळ सुराबरोबर आपोआप उमटणाऱ्या बारीक सुरांत) सेकंदाला जवळजवळ आठ वेळा थरथर होते. तानपुऱ्याचा ग धरलात तर थरथर थांबते, दोन आवाज एक होतात आणि वर कुठेतरी न गायलेला तिसरा सूर घंटेसारखा वाजतो. हा अनुभव एकदा आला की माणूस बिघडतो, मग कीबोर्डबरोबर गाववत नाही.

म्हणून सराव असा करा. तानपुरा ॲपवर सा-प लावा, डोळे मिटा, सा वर ग धरा आणि तो अगदी हळू खाली-वर सरकवा. थरथर मंद होत होत जिथे थांबते ती जागा. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. तसाच ध म च्या वर धरून पाहा. तोही हार्मोनियमपेक्षा थोडा खाली बसतो. तिसऱ्या कॉर्डमध्ये वरच्या आवाजाचा म जरा ढिला सोडला, नेहमीपेक्षा किंचित खाली, की चौघांचा तो कॉर्ड अचानक झळाळतो. अमेरिकेतली बार्बरशॉप पद्धतीची चौकडी याच झळाळीसाठी जीव टाकते.

तानपुऱ्याबद्दल एक सावधगिरी. मूळ आवाज गाताना तो कानात असू द्या, पण पुढचे आवाज गाताना बंद करा. तिसऱ्या कॉर्डमध्ये नी आहे, आणि तानपुऱ्याचा सा त्याला सतत घासत राहतो. तेव्हा आधार तानपुऱ्याचा नको, खर्जाचा हवा.

रेकॉर्डिंगचा क्रम

आधी मूळ चाल, क्लिक आणि तानपुऱ्यासोबत. ती मनासारखी लागेपर्यंत पुढे जायचं नाही. कारण बाकी तिघं तिच्यावरच उभी राहणार, आणि तिथे राहिलेली चूक पुढे दुरुस्त करायला गेलात तर चारही ट्रॅक उघडावे लागतात. दुसरा खर्ज. तिसरा वरचा. शेवटी भरणी, कारण उरलेल्या फटीत नेमकं काय हवं हे बाकीचे तिघे वाजल्यावरच कळतं.

आवाज फार मोठा करून ऐकू नका. हेडफोनचा क्लिक माइकमध्ये गळतो आणि चार थरांनंतर शांत जागी टक-टक ऐकू यायला लागतं. एक कान मोकळा ठेवून गायची सवय असेल तर तो कप डोक्यावरच दाबून सरकवा, हवेत उघडा लटकू देऊ नका. कानात सगळे आवाज सारखे ठेवायचे नाहीत. खर्ज मोठा, मूळ मध्यम आणि स्वतःचा आवाज सगळ्यात लहान, एवढंच ठेवा. स्वतःला मोठं ऐकलं की माणूस गायला लागतो, आणि इथे त्याहून जास्त ऐकायचं असतं.

चार आवाजांचा पोत थोडा वेगळा हवा, नाहीतर पेटीचे चार पडदे एकत्र दाबल्यासारखं होतं. मी अंतराने खेळतो. मूळ आवाजासाठी माइकपासून वीतभर. खर्जासाठी चार बोटं जवळ, त्याने आवाजाला आपोआप खोली येते. वरच्यासाठी दीड वीत मागे, हलका, डोक्यातला आवाज. भरणी माइकच्या जरा बाजूला तोंड करून.

आणि गायकी? ज्यांचा गळा शास्त्रीय संगीतात तयार झाला आहे त्यांना इथे सगळ्यात जास्त सोडावं लागतं. मूळ चालीत कणस्वर, एखादी मींड चालते. बाकीच्या तिघांनी सूर सरळ धरायचा, आंदोलन नको, मुरकी तर नाहीच. मींड घ्यायचीच तर चौघांनी एकाच मात्रेला सुरू करून एकाच मात्रेला संपवायची. ती कागदावर लिहून काढल्याशिवाय जमत नाही. मला हे पटायला वेळ लागला. पहिल्या प्रयत्नात मी चारही आवाजांत मनसोक्त हरकती घेतल्या होत्या. ऐकल्यावर वाटलं, चार जण एकाच वेळी बोलून राहिले आणि कोणीच कोणाचं ऐकत नाही.

मराठी शब्दांचं काय करायचं

इंग्रजीत या विषयावर खूप काही लिहिलेलं सापडतं, पण आपल्या अक्षरांची अडचण आपल्यालाच सोडवावी लागते. मी वहीत प्रत्येक ओळीखाली चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली, शेवटचा 'अ'. बोलताना आपण 'घर' म्हणतो, गाताना 'घरऽ' होतं. चार आवाजांत दोघांनी 'र'वर थांबून दोघांनी 'अ' लांबवला की शेपूट फाटते. तो गायचा की नाही, आणि कितव्या मात्रेपर्यंत, ते आधी ठरवा. दुसरी, अनुस्वार. 'रंग'मध्ये तोंड बंद कधी करायचं? लवकर केलंत तर चारही आवाज नाकात जातात आणि कॉर्ड विझतो. मी 'र' नंतरचा 'अ' शेवटच्या क्षणापर्यंत उघडा ठेवतो आणि अनुस्वार अगदी काठावर, क्लिकवर टेकवतो.

तिसरी गोष्ट फुसकारणाऱ्या अक्षरांची. 'स', 'श' आणि 'च' फक्त मूळ आवाजाने पूर्ण उच्चारायचे. बाकी तिघांनी ते पुसट करायचे किंवा चक्क गाळायचे. 'सांज' शब्दात तिघे फक्त 'आंज' गातात, ऐकणाऱ्याला चौघांनीही 'सांज' म्हटल्यासारखं वाटतं. 'च'ची तर दोन रूपं, 'चांदणं'मधला वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. गाताना घाईत चांदण्याचा 'च' 'चार'कडे झुकतो, आणि दोन ट्रॅकवर दोन 'च' राहिले की काय खटकतं ते कळत नाही पण खटकतं. 'ख', 'फ', 'भ' यांच्या हवेचा फटका टाळायला त्या अक्षराला तोंड जरा बाजूला वळवा.

चौथी, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी, स्वर. वरच्या सुरात 'आ' पसरतो, खर्जात तो 'ऑ'कडे जातो. हा फरक कानाला बेसूरपणासारखा ऐकू येतो. सूर बरोबर असूनही काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर सूर पुन्हा घोटायच्या आधी आरशासमोर उभं राहून चारही आवाजांत तोंडाचा आकार तोच आहे का ते बघा. दहातल्या सहा वेळा रोग तिथेच सापडला आहे.

दुहेरी गाणं

चार आवाज बसले की प्रत्येक आवाज पुन्हा एकदा गाऊन दोन प्रती करता येतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. मग चारांचे आठ होतात आणि गाण्याला रुंदी येते. इथे कॉपी-पेस्टचा मोह होतो. करू नका. हुबेहूब प्रत एकावर एक ठेवली की आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. दुसऱ्यांदा गाताना होणारा काही सेंटचा आणि काही मिलिसेकंदांचा फरकच ती रुंदी देतो. मूळ चाल मात्र मी एकेरीच ठेवतो. शब्द सांगणारा एकच माणूस असावा.

कापाकापी आणि मिक्स

मूळ आवाज प्रमाण मानून बाकीच्यांची अक्षरं त्याच्याखाली सरकवा, विशेषतः 'त', 'क', 'ट' अशी ओळीच्या शेवटी आदळणारी. श्वास फक्त मूळ आवाजाचे ठेवा, बाकीच्यांचे कापून टाका. चार जणांचे श्वास एकदम ऐकू आले की दम्याचा दवाखाना वाटतो.

आपोआप सूर सुधारणारं सॉफ्टवेअर इथे उलटा खेळ करतं. ते प्रत्येक सूर कीबोर्डच्या जागी ओढतं, म्हणजे आठवडाभर घोटून शोधलेला ३८६ चा गंधार पुन्हा ४०० वर नेऊन ठेवतं. एखादा सूर खरंच सुधारायचा असेल तर हाताने, कानाने सुधारा. त्याहून बरं म्हणजे ती ओळ पुन्हा गा.

ईक्यूमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करायच्या सोयीत) खर्ज सोडून सगळ्यांचं ८०-१०० हर्ट्झखालचं कापा, खर्जाचं फक्त ६० खालचं. मग २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात वरचा आणि भरणी दोन-तीन डेसिबलने उतरवा. एकाच गळ्याची आणि एकाच खोलीची छाती तिथे साचते आणि गाणं घुसमटतं. मूळ आणि खर्ज मधोमध, वरचा थोडा डावीकडे, भरणी तितकीच उजवीकडे. पातळीत खर्ज आणि मूळ पुढे, भरणी त्यामागे, वरचा सगळ्यात हलका. उंच सूर तसाही कानात घुसतो, त्याला मदत लागत नाही. रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेला घुमा, चार वेगवेगळे नको. एकच लावा आणि चारही आवाज त्यात थोडे थोडे पाठवा, म्हणजे चौघे एकाच सभागृहात उभे वाटतात.

शेवटी मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका, बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत. खर्ज गायब झाला तर त्याची पातळी वाढवून फायदा नाही, ९८ हर्ट्झ तो स्पीकर देतच नाही. खर्जाचे वरचे उपस्वर, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झ, जरा उचला, मग कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. सगळ्या ट्रॅकची वेगळी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आमच्याकडे पहिल्या पावसात वीज तीनदा गेली आणि एक अख्खं गाणं सोबत घेऊन गेली.

आणि मिक्स ज्या रात्री केला त्याच रात्री निर्णय घेऊ नका. मी सकाळी फोनवर काकूंना ऐकवला, संत्री सोलता सोलता त्यांनी पूर्ण ऐकला. म्हणाल्या, "तिघं चांगले गाऊन राहिले. तो चौथा मात्र कंटाळलेला वाटते बाबू." मी फाइल उघडून बघितली. भरणी, एकोणिसावा टेक, रात्री पावणेदोन. आता भरणी क्रमाने शेवटचीच असते, पण तिला मी वेगळा दिवस देतो.